दोन लाख किलोमीटर झालेली कोरोला घ्यावी की सिव्हिक?

तुलना १.८ लिटर पेट्रोल इंजिनाच्या दोन गाड्यांची आहे: २००९ ते २०१३ ची टोयोटा कोरोला (२झेडआर इंजिन) आणि २००६ ते २०११ ची होंडा सिव्हिक (आर१८ इंजिन). दोन्हींना टायमिंग चेन (इंजिनाच्या झडपा वेळेवर उघडणारी साखळी) आहे, त्यामुळे ठरावीक किलोमीटरला बेल्ट बदलायची भानगड नाही.

सिव्हिक बघायला गेलात तर आधी कूलंट (इंजिन थंड ठेवणारं द्रव) बघा. २००६ ते २००८ च्या काही इंजिनांचे ब्लॉक (इंजिनाचा मुख्य सांगाडा) तडकलेले निघाले आणि त्यातून कूलंट झिरपतं. इंजिन थंड असताना रेडिएटरचं झाकण उघडून पातळी पाहा, टॉर्च मारून ब्लॉकवर वाळलेले ओघळ शोधा. तडा असेल तर ब्लॉकच बदलावा लागतो, म्हणून तिथूनच परत फिरा. ब्लॉक आधीच बदललेला असेल आणि त्याचं बिल हातात असेल, तर तीच सिव्हिक घेण्यासारखी.

कोरोलात इतकं मोठं दुखणं नाही. वॉटर पंप गळतो; त्याच्या आसपास वाळलेल्या कूलंटचे गुलाबी पापुद्रे दिसले की पंप बदलायचा.

व्हॉल्व्हचा (इंजिनाच्या झडपांचा) फरक मात्र खरेदीच्या वेळी कोणी विचारातच घेत नाही. कोरोलाचे व्हॉल्व्ह हायड्रॉलिक, म्हणजे त्यांचा गॅप (व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणारा भाग यांतली फट) ऑइलच्या दाबाने आपोआप राखला जातो. सिव्हिकचा गॅप स्क्रूने जुळवावा लागतो, तोही इंजिन थंड असताना: इनटेक (हवा आत घेणारे) ०.१८ ते ०.२२ मिमी, एक्झॉस्ट (धूर बाहेर सोडणारे) ०.२३ ते ०.२७ मिमी. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह सीटमध्ये (तो मिटताना टेकतो त्या कड्यात) बसत जातो तसा गॅप कमी होतो, व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही आणि जळतो. गॅप वाढला तर टकटक ऐकू येते, कमी झाला तर काहीच ऐकू येत नाही. त्यामुळे शांत चालणाऱ्या सिव्हिकचाही गॅप मोजून घ्याच.

ऑटोमॅटिक सिव्हिकमध्ये एका वेळी जेमतेम अडीच लिटर गिअर ऑइल निघतं, बाकीचं टॉर्क कन्व्हर्टरमध्ये (इंजिन आणि गिअरबॉक्स यांना जोडणाऱ्या भागात) अडकून राहतं. म्हणून ऑइल काढा, भरा, गाडी फिरवा. असं तीनदा, आणि होंडाचंच ऑइल वापरा. कोरोलाचा चार गिअरचा ऑटोमॅटिक जुन्या वळणाचा, हायवेला इंजिनाचा आवाज जास्त, पण टिकाऊ.

चालवायला सिव्हिक कितीतरी सरस, वळणावर तर नक्कीच. मागचे टायर आतल्या बाजूने झिजलेत का, तेवढं वाकून पाहा. स्वतः बोनेट उघडणाऱ्याने सिव्हिक घ्यावी. ज्याला ऑइल बदलण्यापलीकडे लक्ष द्यायला वेळ नाही, त्याने कोरोलाच घ्यावी.