गरोदरपणातली एचआयव्ही तपासणी: उपकेंद्रात की सिव्हिलला?

जतकडच्या एका वहिनींना तिसरा महिना लागलाय. तपासणी गावच्या उपकेंद्रात करावी की सांगलीला सिव्हिलच्या आयसीटीसीत, म्हणजे एचआयव्ही समुपदेशन-तपासणी केंद्रात, हे त्यांचं ठरत नाहीये.

तपासणी दोन्हीकडे फुकट. पण सांगली म्हणजे एसटीचं भाडं आणि दिवसाची मजुरी बुडाली. उपकेंद्रात नर्सबाई बोटाला टोचून थेंबभर रक्त घेतात, थोड्या वेळात निकाल.

खरा फरक निकालात आहे. उपकेंद्रात एकच चाचणी होते; ती 'रिॲक्टिव्ह' (लागणीची शंका दाखवणारी) आली म्हणजे एचआयव्ही आहेच असं नाही. खात्री आयसीटीसीत, वेगवेगळ्या तीन किटवर. समुपदेशक बोलतात, लागण निघालीच तर एआरटी केंद्राकडे (एचआयव्हीच्या गोळ्या देणाऱ्या केंद्राकडे) तिथूनच पाठवतात. उपचाराविना बाळाला लागण होण्याची शक्यता १५ ते ४५ टक्के. वेळेत गोळ्या सुरू झाल्या तर ५ टक्क्यांच्या खाली.

संमती आणि गुप्तता २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने दोन्हीकडे बंधनकारक. तरी नर्सबाई भावकीतल्याच असतील तर धाकधूक होणारच, आणि ती मला उगीच वाटत नाही.

खाडा परवडत नसेल तर उपकेंद्र, तेही याच आठवड्यात. ओळखीपाळखीची भीती असेल किंवा नवऱ्याला लागण असल्याचं माहीत असेल, तर थेट सिव्हिल. नवऱ्याला लागण असेल तर पहिला निकाल निगेटिव्ह आला तरी चाचणी पुन्हा करावी लागते.