एबीसी आयव्ह्यू आणि एबीसी लिसन: ऑस्ट्रेलियन इंग्रजीला कान सरावण्यासाठी

ऑस्ट्रेलियात नव्याने आलेल्यांना इंग्रजी चांगलं येत असतं, तरी समोरच्याचं बोलणं डोक्यावरून जातं. 'टुडे' ऐकताना 'टुडाय' वाटतं, शब्दाच्या शेवटचा 'र' गळतो, 'वॉटर'चं 'वॉडा' होतं. सरकारी निधीवर चालणाऱ्या एबीसी या ऑस्ट्रेलियन प्रसारण संस्थेची ही दोन मोफत अ‍ॅप (आयव्ह्यूवर टीव्हीचे कार्यक्रम, लिसनवर रेडिओ) यावर उत्तम आहेत, फक्त वापरायची रीत हवी.

सुरुवात बातम्यांनी करू नका. निवेदक फार स्वच्छ बोलतात, शिवाय थेट प्रक्षेपणात कॅप्शन मागे पडतात आणि चुकतातही. त्यापेक्षा आयव्ह्यूवर 'गार्डनिंग ऑस्ट्रेलिया' लावा. कार्यक्रम आधी चित्रित केलेला, त्यामुळे कॅप्शन जुळतात आणि ज्याबद्दल बोलणं चाललंय ती वस्तू बहुतेक वेळा समोर दिसते. कोंबड्यांना 'चूक्स' आणि डासांना 'मॉझीज' म्हणतात हे न सांगताच कळतं. दोनच मिनिटांचा तुकडा घ्या. आधी कॅप्शन बंद ठेवून ऐकू येईल ते लिहा, मग कॅप्शन लावून ताडून बघा, शेवटी पुन्हा बंद करून ऐका. चुका बहुतेक स्वरांत सापडतील. तासभर नुसतं बघत बसण्यापेक्षा याचा फायदा कितीतरी जास्त.

कान थोडा बसला की लिसनवर स्थानिक रेडिओ, खास करून श्रोत्यांचे फोन घेणारे कार्यक्रम. खरी बोली इथेच भेटते: 'आर्वो' म्हणजे दुपार, 'सर्वो' म्हणजे पेट्रोल पंप, 'ट्रेडी' म्हणजे प्लंबर-इलेक्ट्रिशियनसारखा कारागीर. 'येह, नाह' म्हणजे सहसा नाही आणि 'नाह, येह' म्हणजे हो. शेवटचा शब्द धरायचा. साध्या विधानाच्या शेवटीही सूर वर जातो, तो प्रश्न समजू नका. गावांची नावंही इथेच नीट कळतात: मेल्बर्न नव्हे 'मेल्बन', केर्न्स नव्हे 'कॅन्झ'.

उणिवा आहेत. आयव्ह्यूला खातं लागतं आणि ते ऑस्ट्रेलियाबाहेर चालत नाही, त्यामुळे निघण्याआधी तयारी करायची तर रेडिओच. थेट रेडिओला कॅप्शन नाहीत, म्हणून अगदी नवख्याने तिथून सुरुवात करू नये. सर्वांत मोठी उणीव म्हणजे तुमचं बोलणं इथे कोणी सुधारत नाही. त्यासाठी एएमईपीचे, म्हणजे स्थलांतरितांना इंग्रजी शिकवणाऱ्या सरकारी कार्यक्रमाचे, वर्ग बघा. पात्र स्थलांतरितांना ते मोफत असतात आणि पूर्वीची ५१० तासांची मर्यादा २०२१ मध्ये काढून टाकली आहे. व्हिसाच्या प्रकारावर पात्रता ठरते, तेवढं आधी तपासून घ्या.