जुनी एंटरप्राइझ डिंगी : नागपूरच्या तलावांवर कितपत चालते

दोघांनी चालवायची, गाडीमागे ओढून नेता येणारी शिडाची बोट नागपुरात घ्यायची असेल, तर माझं मत सरळ एंटरप्राइझला आहे. नवी कोरी मिळाली तर उत्तम, पण सांगाडा धड असलेली जुनी फायबरची बोटही इथे पुरते. अट एकच. शिडांवर पैसे घालण्याआधी ते बोटीच्या हवेच्या टाक्यांवर (बोट उलटली तरी तिला तरंगती ठेवणाऱ्या बंद पेट्या) आणि ट्रेलरवर घाला. मुंबईत बोटीला मीठ खातं, नागपुरात ऊन खातं, आणि बोट पाण्यावर आठवड्यातून चार तास असली तर बाकीचे सगळे दिवस ती उन्हातच उभी असते.

जॅक होल्ट यांनी १९५६ मध्ये ही बोट आखली ती हौशी माणसाला घरच्या घरी प्लायवूडमधून बांधता यावी म्हणून. त्यामुळे तिचा तळ गोल नाही, कडा पाडून जोडलेल्या सपाट पट्ट्यांचा आहे. फायबरच्या बोटींतही तोच आकार कायम ठेवला आहे. लांबी ४.०४ मीटर, रुंदी साधारण १.६ मीटर, रिकाम्या सांगाड्याचं वजन ९४ किलोच्या आसपास. मेनसेल (मागचं मोठं) आणि जिब (पुढचं लहान) अशी दोनच शिडं, दोन्ही मिळून सुमारे ११३ चौरस फूट, आणि रंग ओळखीचा निळा. स्पिनेकर (पुढे फुगणारं जादा शीड) नाही, ट्रॅपीझ (बोटीबाहेर लटकायची तार) नाही. नव्या जोडीला सांभाळायला दोऱ्या कमी, म्हणून लक्ष वाऱ्याकडे राहतं. नौदल एनसीसीतून आलेल्या मुलामुलींना ही बोट बहुधा आधीच ठाऊक असते, हा इथे मोठाच फायदा आहे. दोघांचं मिळून वजन १२० ते १४० किलो असेल तर बोट सगळ्यात मोकळी चालते.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी नागपुरात वारा बहुतेक मंद असतो, आणि तोही काठावरची झाडं, इमारती, बंधारा यांना अडून दिशा बदलत येतो. अशा वाऱ्यात ही बोट जड बोटींपेक्षा लवकर हलते. त्यासाठी दोघांनी पुढे सरकून बसायचं, इतकं की मागची फळी पाण्याच्या जेमतेम वर येईल. मग बोट वाऱ्याच्या उलट बाजूला पाच-एक अंश कलती ठेवायची. सपाट पट्ट्यांमुळे कललेल्या बोटीचा कमी भाग पाण्याला घासतो, आणि शिडं आपल्याच वजनाने पोट धरतात. किकर, म्हणजे बूमला (मेनसेलखालच्या आडव्या काठीला) खाली ओढून धरणारी दोरी, सैल हवी. मेनसेलमध्ये ताठपणासाठी घातलेल्या पट्ट्यांपैकी सगळ्यात वरच्या पट्टीपाशी मागच्या कडेला लोकरीचा धागा बांधा. तो अर्धा वेळ मागे उडत आणि अर्धा वेळ शिडामागे वळत असेल तर मेनशीट, म्हणजे मेनसेल ओढायची दोरी, बरोबर आहे. सतत मागे वळून राहिला की शीट जास्त ओढली आहे, ती बोटाच्या रुंदीइतकी सोडा. मंद वाऱ्यात सगळ्यात जास्त चूक इथेच होते. वेग नाही म्हणून माणूस शीट आणखी ओढतो, आणि बोट आणखी थांबते.

एप्रिल-मेच्या दुपारी चित्र उलटं असतं. तापलेल्या जमिनीवरून झोत येतात, आणि ढग दाटून आले की पाऊस पडण्याआधीच जोराचं वादळी वारं सुटतं. क्षितिजावर धुळीची भिंत किंवा काळ्या ढगाची सरळ खालची कड दिसली की शर्यत सोडून काठाला या. बोटीवर ॲल्युमिनियमची उंच काठी उभी आहे, वीज कडाडायची वाट पाहू नका.

तलावांत जलपर्णी आणि पाणवनस्पती यांचा त्रास खरा आहे. अंबाझरीत जलपर्णीने गेल्या काही वर्षांत बराच भाग व्यापलेला दिसला आहे. मुळांचा एक झुपका सेंटरबोर्डला, म्हणजे तळातून पाण्यात उतरणाऱ्या फळीला, अडकला तरी बोट निम्म्या वेगाने चालते, आणि चालवणाऱ्याला वाटतं वारा पडला. उपाय साधा आहे. टॅक घ्यायच्या (बोटीचं नाक वाऱ्यातून वळवून बाजू बदलायच्या) आधी, बोट वेगात असताना, सेंटरबोर्ड पूर्ण वर घेऊन लगेच खाली सोडा. एंटरप्राइझचं बोर्ड फिरून वर येतं, त्यामुळे सरळ खाली घालायच्या डॅगरबोर्डपेक्षा हे सोपं जातं. सुकाणू मात्र उचलता येणारंच घ्या. पातं एकसंध आणि पक्कं असलेलं सुकाणू इथे कामाचं नाही, दर दहा मिनिटांनी मागे वाकून हाताने गवत काढावं लागतं. बोर्डच्या फटीवर खालून लावलेल्या पट्ट्या तपासा. त्या फाटल्या असतील तर फटीत पाणी घुसळतं आणि गवतही तिथेच गुंततं. जुन्या पट्ट्या काढून शिडाच्या कापडाच्या नव्या पट्ट्या दोन्ही बाजूंनी लावायच्या, मधोमध एकमेकींवर काही मिलिमीटर चढतील अशा.

आता विकत घेताना काय पाहायचं. आधी वजन. सगळी झाकणं, बुचं, दोऱ्या काढून सांगाडा लटकत्या काट्यावर तोला. १०५ किलोच्या वर काटा गेला तर कुठेतरी पाणी मुरलं आहे किंवा आधीच्या दुरुस्तीत रेझिन बेसुमार ओतलं आहे. मुरलेलं पाणी काढायला नागपूरचा मे महिना उत्तम. टाक्यांची झाकणं उघडून, बोट सावलीत मागच्या बाजूला कलती ठेवून, आत छोटा पंखा लावून आठ-दहा दिवस सोडा आणि पुन्हा तोला. कोरड्या हवेत होणारं हे काम पावसाळ्यात महिनाभरातही होत नाही.

मग टाक्यांची गळती. बुचाच्या भोकात नळी घट्ट बसवा, तोंडाने हलकी हवा भरा, सगळ्या जोडांवर साबणाचं पाणी ब्रशने लावा. बुडबुडे येतील तिथे खूण. हवा फार थोडी पुरते. पंक्चरच्या दुकानातला कंप्रेसर कधीही लावू नका. एक पीएसआय दाब म्हणजे एक चौरस मीटर डेकवर सुमारे ७०० किलोचा भार, त्यात चांगला जोडही उकलतो. बुडबुडे बहुतेक वेळा सेंटरबोर्डच्या पेटीच्या बुडाशी, टाकीच्या गोल झाकणाच्या कडेला आणि मागच्या फळीवर सुकाणूच्या बिजागऱ्यांच्या स्क्रूंपाशी सापडतात. स्क्रू काढा, भोक वाळवा, सीलंट भरून पुन्हा बसवा. वरून नुसतं फासलेलं सीलंट एक उन्हाळाही टिकत नाही.

याच टाक्यांना ऊन सगळ्यात जास्त मारतं. झाकणं लावून बोट उघड्यावर ठेवली, आतली हवा ३० अंशांवरून ६५ अंशांवर गेली, की दाब साडेअकरा टक्क्यांनी वाढतो. हे रोज होतं, आणि जोड रोज थोडाथोडा ताणला जातो. उलटही होतं. तापलेली बोट बुचं लावून थंड पाण्यात सोडली की आतली हवा आकसते आणि बारीकशा फटीतूनही पाणी आत ओढून घेते. म्हणून जमिनीवर असताना झाकणं आणि बुचं उघडी, पाण्यावर नेल्यावर बोटीवर दोन-चार बादल्या पाणी मारायचं, ती निवली की मगच बुचं लावायची. हा एक नियम पाळला तर निम्मी दुरुस्ती वाचते. कव्हर फिक्या रंगाचं घ्या आणि बूमवरून तंबूसारखं टाका, खालून वारा खेळला पाहिजे. अंगाला चिकटलेलं काळं ताडपत्रीचं कव्हर नसलेलं बरं.

वरच्या जेलकोटला, म्हणजे फायबरवरच्या चकचकीत थराला, तडे असतील तर घाबरू नका. तडा व्ही आकारात उकरून, जेलकोट भरून, ४००, ८००, १२०० नंबरच्या पाणकागदाने घासला की काम होतं. पण हे काम सकाळी सातच्या आत करा. चाळिशीच्या तापमानात दोन टक्के हार्डनर टाकलेलं जेलकोट ब्रश फिरवेपर्यंत डब्यातच आवळतं. एक टक्क्याच्या जवळ राहा, म्हणजे १०० ग्रॅमला एक ग्रॅम, आणि एका वेळी ५० ग्रॅमपेक्षा जास्त कालवू नका. एक टक्क्याच्या खालीही जाऊ नका, नाहीतर ते चिकटच राहतं. रेझिन, मॅट, हार्डनर नागपुरात मिळतं. शिडं, ब्लॉक (कप्प्या), क्लीट (दोरी अडकवायच्या पकडी), डोलकाठीचे सुटे भाग मात्र बाहेरून मागवावे लागतात, तेव्हा एक जास्तीचा शॅकल (जोडकडी), रिंग-पिना आणि सुकाणूचा एक जोड बिजागऱ्या घरात ठेवाच.

समुद्रावरून आलेली बोट असेल तर डोलकाठी खूप बारकाईने पाहा. ॲल्युमिनियमच्या काठीवर स्टीलची पट्टी जिथे रिव्हेटने बसवली आहे तिथे पांढरी भुकटी दिसली तर मिठाने ॲल्युमिनियम आतून खाल्लेलं आहे. रिव्हेट काढून खालचा धातू पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका. गोड्या पाण्यात हा आजार पुढे फारसा वाढत नाही, पण झालेली झीज भरूनही येत नाही. डोलकाठी धरून ठेवणाऱ्या बाजूच्या तारांवरून वरपासून खालपर्यंत कापसाचा बोळा फिरवा. जिथे तंतू अडकेल तिथे तारेचा एक पदर तुटला आहे, आणि एक तुटला म्हणजे ती तार बदलायची. दोन्ही बाजूंच्या तारा एकदमच बदलाव्यात, नाहीतर लांबीत फरक राहतो आणि एका टॅकवर बोट चालते, दुसऱ्यावर अडते.

ट्रेलर हा जुन्या एंटरप्राइझबरोबर येणारा सगळ्यात वाईट भाग. पुष्कळदा जे ट्रेलर म्हणून दाखवतात ती नुसती पाण्यात ढकलायची लहान चाकांची ट्रॉली असते. ती रस्त्यावर ओढायचीच नाही. मुंबईहून बोट आणायची असेल तर चौदा फुटी आयशर बोलवा. ४.०४ मीटरचा सांगाडा त्यात बसतो, डोलकाठी मात्र केबिनच्या वरून काढून दोन ठिकाणी बांधावी लागते. इथे रामटेकजवळच्या खिंडसीपर्यंत न्यायची तर ट्रॉली ज्याच्यावर चढते असा दुहेरी ट्रेलर करून घ्या. हिंगणा एमआयडीसीत फॅब्रिकेशन करणारे भरपूर आहेत, नकाशा नीट दिला की चौकट चांगली होते. बोटीचा भार तळाच्या मधल्या कण्यावर आणि आतल्या आडव्या भिंतीखाली यायला हवा. पातळ पट्ट्यांवर बोट टेकवली तर खड्ड्याखड्ड्याला तळ आत दबतो. आधाराला गालिचाचे तुकडे लावू नका, ते ओले राहतात आणि जेलकोटवर फोड येतात. बंद पेशींचा फोम लावा. रॅचेटचा पट्टा डेकवर थेट ताणू नका, खाली फोम द्या आणि हाताने हलली नाही की थांबा. गाडीच्या हूकवर साधारण १५ ते २० किलो भार यावा. त्याहून कमी असेल तर ट्रेलर मागून डोलायला लागतो.

रस्त्यावरची चाकं पाण्यात नेऊ नका. धावून तापलेलं बेअरिंग थंड पाण्यात बुडालं की पाणी आत ओढतं आणि पुढच्याच महिन्यात खरखरायला लागतं. आणि मोटार वाहन कायद्यात ट्रेलरही वाहनच आहे, आरटीओची नोंदणी आधी करून घ्या. काठावर पोचल्यावर डोलकाठी उभी करण्याआधी मान वर करून विजेच्या तारा पाहा. उन्हाळ्यात खिंडसीचं पाणी आत सरकलं की काठावर चिखल उरतो. प्लायवूडच्या दोन फळ्या आळीपाळीने चाकांखाली सरकवल्या तर दोघांत बोट बाहेर येते.

शर्यतीसाठी सगळ्यांकडे एकच बोट असेल तर प्रश्नच नाही. पण नागपुरात शर्यतीपुरत्या बोटी जमवायच्या तर लेझर (एकट्याने चालवायची बोट) आणि एंटरप्राइझ एकत्रच उतरतील. तेव्हा पोर्ट्समथ यार्डस्टिक, म्हणजे वेगवेगळ्या बोटींचे वेळ एका मापात आणायची पद्धत, वापरा. लागलेले सेकंद गुणिले १०००, भागिले बोटीचा आकडा. आकडे वेळोवेळी थोडे बदलतात, पण एंटरप्राइझचा ११२२ आणि लेझरचा ११०० धरला, तर लेझरला बरोबर तास लागल्यावर एंटरप्राइझ १ मिनिट १२ सेकंद मागून आली तरी बरोबरी. मंद वाऱ्यात हे अंतर एका जलपर्णीच्या झुपक्याने भरून निघतं, म्हणून फेऱ्या छोट्या ठेवा, वीस-पंचवीस मिनिटांच्या तीन शर्यती एका लांब शर्यतीपेक्षा जास्त खऱ्या निकाल देतात. सुरुवात नेहमीच्या पाच, चार, एक मिनिट आधीच्या इशाऱ्यांच्या क्रमानेच करा, बाहेर शर्यतीला गेलेल्यांना मग वेगळं शिकावं लागत नाही.

एक उणीव मात्र स्पष्ट सांगायला हवी. दुहेरी तळ नसलेली जुनी एंटरप्राइझ उलटली की सरळ केल्यावर आत काठोकाठ पाणी असतं. तळातले बेलर (आतलं पाणी बाहेर काढायच्या झडपा) बोट वेगात असेल तरच पाणी ओढतात, मंद वाऱ्यात ते नुसते उघडे भोक ठरतात. दोरीने बांधलेल्या दोन बादल्या बोटीत असल्याच पाहिजेत. आपले तलाव गाळाने उथळ झाले आहेत, बोट पूर्ण पालथी झाली की काठीचं टोक गाळात रुततं आणि ओढताना काठी वाकते. मेनसेलच्या टोकाला छोटा फुगा किंवा फोमचा तुकडा बांधला की बोट आडवीच राहते. एकट्याने चालवणाऱ्याने ही बोट घेऊ नये, त्याला लेझर बरी. दहा-बारा वर्षांच्या मुलासाठी ऑप्टिमिस्ट. तलाव महापालिकेचा असो की पाटबंधारे खात्याचा, बोट उतरवण्याआधी परवानगी लेखी घ्या. बोट ठेवायची जागा सांडव्याच्या खालच्या अंगाला नको. सप्टेंबर २०२३ मध्ये अंबाझरी ओसंडून वाहिला तेव्हा त्या बाजूच्या वस्त्यांत रातोरात पाणी शिरलं होतं, आणि झाकणं लावलेला ९४ किलोचा सांगाडा तरंगून जायला फुटभर पाणीही पुष्कळ. दोन्ही बाजूंनी जमिनीतल्या खुंट्यांना बांधा.