लांबणारा झेला: एकट्याने घेऊ नका

पेरू, आंबे, लिंबं उतरवायला ॲल्युमिनियमचा लांबणारा झेला घेतला. एकात एक सरकणाऱ्या नळ्यांचा दांडा, टोकाला वाकड्या दातांची तारेची कडी, खाली कापडी पिशवी.

पेरूवर तो झकास चालतो. देठ दोन दातांच्या बेचक्यात धरायचा, दांड्याला जरासा पीळ द्यायचा, की पेरू टप्पकन पिशवीत. सोबत वाळकी पानं आणि मुंग्या तोंडावर येतात, म्हणून चष्मा घालाच. आंब्याला मात्र हे दात नकोत. देठ अगदी फळालगत तुटतो, चीक सालीवर ओघळतो आणि तिथे काळे डाग पडतात. आंब्यासाठी दोरी ओढली की देठ कापणारं पातं असलेला झेला बघा. लिंबाच्या काट्यांत तर पिशवीच अडकते, आणि ओढाताण केली की देठापाशी साल फाटते. तसली लिंबं आधी संपवावी लागतात, टिकत नाहीत.

पूर्ण लांबीचं कौतुक विक्रेत्यांनीच करावं. टोकाला तीन पेरू बसले की दांडा लवतो आणि पीळ देऊन आवळलेला सांधा हळूच घसरतो. मी शेवटची नळी बाहेर काढतच नाही. आणि ॲल्युमिनियममधून वीज वाहते, तेव्हा विजेच्या तारांजवळचं झाड सोडून द्यायचं. फळं कितीही खुणावोत.

खरी मजा मित्रमंडळी सोबत असली की येते. एकाने दांडा धरायचा, दुसरीने पिशवी रिकामी करायची, तिसरीने खालून हुकूम सोडायचे: "डावीकडे घे! अरे, तुझ्या नाही, माझ्या डावीकडे!" एकीच्या परसातला पेरू झाला की मोर्चा कुंपणाबाहेरच्या, कुणीही न लावलेल्या तुतीकडे. (जागेच्या मालकाला आधी विचारून.) तिथे झेला बाजूला ठेवायचा, खाली चादर पसरायची आणि फांदी हलवायची. पिकलेली तेवढी पडतात. चादर टाकाऊच घ्या, ते डाग सहजी जात नाहीत. बोटं आणि जिभा जांभळ्या झाल्याशिवाय आमच्यातलं कुणी उठत नाही. दात लागलेले पेरू तिथेच कापून खायचे, धड असतील ते वाटून घ्यायचे. कडक पेरू घरी ठेवला तरी पिकतो, त्यामुळे वाटणीवरून भांडण नाही.

पिशवी काढून धुता येते, हा मोठा गुण. तिच्या तळाचा फोम मात्र रस पितो आणि लवकरच आंबूस वास मारतो. मी तो कापून काढला आणि त्या जागी जाड लोकरी मोजा शिवला. तो धुऊन वाळतो तरी.

पाचपैकी साडेतीन तारे. एकाच झाडासाठी, एकट्याने वापरायला घेणार असाल तर पैसे वाया. चार घरांत मिळून एक घ्या, आणि वापरण्याआधी दातांची टोकं कानशीने बोथट करून घ्या.