घरी बांधलेली सीडर स्ट्रिपची कनू: पूर्ण सीझन वापरून झाल्यावर

कनू म्हणजे वल्ह्याने चालवायची, वरून उघडी, दोन्ही टोकांना निमुळती होडी. ही बोट गाडीच्या टपावर दिसली की पार्किंगमध्ये निदान एक माणूस तरी विचारतोच, लाकडाची आहे ना, मग पाण्यात कुजत नाही? नाही कुजत. मे ते ऑक्टोबर भरपूर वापरून सांगतो, पाण्याने हिचं काही वाकडं होत नाही, उन्हाने होतं. कारण डोळ्यांना लाकूड दिसतं तरी पाण्याला ते लागतच नाही. मधे सीडर या हलक्या लाकडाच्या पाव इंची पट्ट्या, आतून-बाहेरून काचेचं कापड, आणि ते सगळं इपॉक्सीत, म्हणजे दोन भाग मिसळले की कडक होणाऱ्या रेझिनमधे, मुरवलेलं. ताकद त्या दोन कातड्यांची, सीडरचं काम फक्त त्यांना एकमेकांपासून लांब धरून ठेवायचं. हे एकदा डोक्यात बसलं की मेंटेनन्सचे निम्मे प्रश्न आपोआप सुटतात.

डिझाईन १६ फुटी प्रॉस्पेक्टर. मूळचा आकार कॅनडात न्यू ब्रन्सविकमधल्या चेस्टनट कंपनीचा, त्यावरून पुढे डझनावारी लोकांनी आपापले प्लॅन काढले, त्यातलाच एक. मी राहतो अमेरिकेत मिनेसोटात, आणि इथे या छंदाला वेडेपणा कोणी म्हणत नाही, उलट हार्डवेअरच्या दुकानातले आजोबा आपण सत्तरच्या दशकात बांधलेल्या कनूचा फोटो काढून दाखवतात. पट्ट्या चिकटवून हलक्या रेसिंग कनू बनवायचं तंत्र इथल्याच रेसवाल्यांनी घासूनपुसून चांगलं केलं, वाकड्या दांड्याचं वल्हं काढणारा जीन जेन्सन त्यातलाच. त्यामुळे सल्ला फुकट आणि ढिगाने मिळतो.

बांधणीचं थोडक्यात सांगतो कारण त्याचे व्हिडिओ पोत्याने आहेत. प्लायवूडचे फॉर्म, म्हणजे बोटीच्या आडव्या छेदाच्या आकाराचे साचे, कापून दर फुटाला एक असे स्ट्राँगबॅकवर, म्हणजे एका लांब सरळ पेटीवर, उभे करायचे, त्यावर पट्ट्या एकेक करत चढवायच्या, एका पट्टीची कड गोल आणि दुसरीची खोलगट म्हणजे वळणावर फट पडत नाही. स्टेपल मारायचे की नाही यावर लोक तावातावाने भांडतात. मी मारले. टिंबांच्या ओळी दिसतात, मला चालतात, ज्यांना चालत नाहीत त्यांनी क्लॅम्प आणि रबरी पट्टे लावून रोज दोनतीन पट्ट्यांवर समाधान मानावं. नंतर रंधा आणि सँडिंग, आणि ते संपतच नाही. इथे एकच गोष्ट मनापासून सांगतो, चांगला मास्क घ्या, धूळ ओढणारा व्हॅक्यूम जोडा. वेस्टर्न रेड सीडरचा वास छान असतो पण त्याच्या धुळीने दमा होतो, लाकूडकामवाल्यांमधला नीट माहीत असलेला आजार आहे तो. इपॉक्सीचंही तसंच, हातमोजे न घालता काम करणाऱ्याला आज काही होणार नाही, पण एकदा का अ‍ॅलर्जी धरली की ती सहसा सोडत नाही.

कापड लावायची रात्र मात्र सविस्तर सांगण्यासारखी आहे. लाकडाच्या आत हवा असते. गॅरेज गरम होत असताना इपॉक्सी लावलं तर ती हवा फुगून बाहेर यायला बघते आणि कापडाखाली बुडबुडे धरतात. म्हणून दिवसभर हीटर लावून लाकूड चांगलं तापवायचं आणि संध्याकाळी हीटर जरा खाली आणून, तापमान उतरत असताना सुरुवात करायची, म्हणजे लाकूड हवा आत ओढतं आणि हवेबरोबर इपॉक्सीही. फार गार करून चालत नाही, नाहीतर इपॉक्सी सेटच होत नाही, आणि बाहेर शून्याखाली वीस असताना गॅरेजमधे हा तोल सांभाळायचा म्हणजे बायको दर तासाला थर्मामीटर बघून ओरडून आकडा सांगणार आणि मी स्क्वीजी (इपॉक्सी पसरायची रबरी पट्टी) घेऊन बोटीभोवती फिरणार. सहा औंसाचं पांढरं कापड ओलं झालं की बघता बघता नाहीसं होतं आणि खालून सीडरचे चॉकलेटी, गुलाबी, मधाळ पट्टे वर येतात. हा भाग व्हिडिओत दिसतो त्यापेक्षा प्रत्यक्षात भारी आहे.

आता पाण्यावरचं. वजन भरलं ५८ पौंड, म्हणजे साधारण २६ किलो. भाड्याने मिळणारी १७ फुटी अ‍ॅल्युमिनियमची कनू ७५ पौंडांच्या आसपास असते, प्लास्टिकची ऐंशीपर्यंत जाते. दोघं बसून सामान भरल्यावर पाण्यात हा फरक फारसा कळत नाही, कळतो तो आवाजात. वल्हं कडेला लागलं तरी ठण्ण होत नाही, नुसतं टक्. गार पाण्यात तळाला गुडघे टेकले तरी अ‍ॅल्युमिनियमसारखे गारठत नाहीत. वळायला एकदम चपळ, कारण तळ दोन्ही टोकांना वर उचललेला आहे, पण याच कारणाने सरळ रेषेत जायला ती स्वतःहून काही मदत करत नाही, मागच्या माणसाला जे-स्ट्रोक, म्हणजे शेवटी वल्हं बाहेर वळवून बोट सरळ ठेवायचा फटका, यायलाच पाहिजे. आणि एकटे असाल नि वारा सुटला तर प्रॉस्पेक्टर डोकेदुखी आहे. कडा उंच, बोट रिकामी, वारा टोक धरून फिरवतो. पुढच्या सीटवर उलटं तोंड करून बसायचं, पुढे एखादी जड बॅग टाकायची, मग जमतं.

मालवणच्या काकांना व्हिडिओ कॉलवर दाखवली तर पहिला प्रश्न, "होडी बरी आसा, पण उलांडी खंय?" उलांडी (तोल सांभाळायला होडीच्या कडेला बांधतात तो ओंडका) नाही काका, लागत नाही. रुंदी जवळपास तीन फूट आहे, तळ किंचित गोलसर, त्यामुळे बसल्या बसल्या थोडी डुगडुगते आणि नवीन माणूस घाबरतो, पण एका बाजूला कलली की एका ठिकाणी येऊन घट्ट थांबते. काकांना पटलं नाही ते नाहीच.

खरी परीक्षा मिनेसोटाच्या उत्तरेला, कॅनडाच्या सीमेवरच्या बाउंड्री वॉटर्समधे झाली. दहा लाख एकरांहून मोठं जंगल, हजारावर तळी, आणि एका तळ्यातून दुसऱ्यात जायला बोट खांद्यावर. नकाशात हे अंतर रॉडमधे लिहितात, एक रॉड साडेसोळा फूट, म्हणजे अंदाजे एक कनू. सत्तरऐंशी रॉडचा चढ, डास, चिखल, आणि वर २६ किलो. लाकडाचं योक (बोट खांद्यावर घ्यायची आडवी दांडी) मानेच्या मापाने कोरून घेतलं होतं म्हणून झालं. पण प्रामाणिकपणे, शेजारून एक बाई ४२ पौंडांची केव्हलारची (हलक्या, चिवट कृत्रिम धाग्याची) कनू डोक्यावर टाकून जवळजवळ पळत गेली, तेव्हा हलकेपणासाठी स्ट्रिप कनू बांधा असं मी कोणाला सांगणार नाही. (जाणाऱ्यांसाठी: तिथे खाण्यापिण्याचे पत्र्याचे डबे आणि काचेच्या बाटल्या न्यायला बंदी आहे, लोणचं प्लास्टिकच्या डबीत भरा.)

ओरखडे. तिथला खडक ग्रॅनाइटचा आणि काठाला वाळू कमीच, त्यामुळे पहिल्याच ट्रिपला तळाला पांढऱ्या रेघा आल्या आणि पोटात खड्डा पडला. जवळून बघितलं तर बहुतेक रेघा वॉर्निशातल्या, काही इपॉक्सीतल्या, कापडापर्यंत एकच. पाण्याने भिजल्या की दिसतही नाहीत. कापड फाटून लाकूड ओलं झालं तर मात्र तिथे काळपट डाग धरतो, मग पूर्ण वाळवायचं, घासायचं, कापडाचा तुकडा लावून वर इपॉक्सी. घरच्या घरी होतं, प्लास्टिकच्या बोटीला हे इतकं सोपं नाही. उपाय एकच, काठाला बोट घुसवायची नाही, गुडघाभर पाण्यात उतरायचं. पाहुण्यांना हे समजावणं हे या बोटीचं सगळ्यात अवघड काम आहे, बूट भिजतील म्हणून लोक थेट नाळेवरून, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकावरून, दगडावर उडी मारतात.

ऊन. इपॉक्सीला अल्ट्राव्हायोलेट सोसत नाही, पिवळं पडतं, मग खडूसारखं भुरभुरतं. म्हणून वर यूव्हीवालं स्पार वॉर्निश, तीन-चार हात. एका सीझनमधे टोकांकडची आणि तळाची चमक गेली, बाकी ठीक. दर वसंतात हलकं घासून एक हात द्यायचा हे धरूनच चाला. बोट उघड्या अंगणात ठेवणार असाल तर बांधूच नका, आणि ताडपत्री घट्ट गुंडाळूनही नको, आत ओल कोंडते. गॅरेजच्या छताला पट्ट्यांवर उलटी टांगा.

माझी नाराजी हलपेक्षा, म्हणजे बोटीच्या अंगापेक्षा, वरच्या लाकडावर जास्त आहे. काठाच्या गनवेल (कडेच्या लांब पट्ट्या) अ‍ॅश नावाच्या लाकडाच्या आहेत, त्यांना तेल लावलंय, इपॉक्सी नाही, आणि टोकाला जिथे पाणी साचतं तिथे लाकूड काळं पडायला लागलंय. सारखं तेल मागतं ते. वेताने विणलेल्या सीट तयार आणल्या होत्या (कुठून ते जाऊ दे), सप्टेंबरपर्यंत पुढची सीट खोलगट झाली. आता वेबिंगची (विणलेली कृत्रिम) पट्टी बसवणार, दिसायला साधी पण भिजली तरी चिंता नाही.

पैसे वाचतात का? लाकूड, कापड, इपॉक्सी, वॉर्निश मिळून दीड-दोन हजार डॉलर सहज, हीटरचं बिल वेगळं. केव्हलारची नवी बोट तीन हजारांच्या वर जाते, पण जुनी अ‍ॅल्युमिनियमची काहीशे डॉलरात मिळते आणि तिला मरण नाही. बांधायला दोनशे तास लागतात असं सगळे म्हणतात, मला ते कमीच वाटतात. नुसतं पाण्यावर जायचं असेल तर विकत घ्या. हिवाळाभर गॅरेजमधे रंधा मारायला आवडणार असेल तरच हे करा. आणि हो, इथे दहा फुटांवरच्या बोटीला, वल्ह्याची असली तरी, राज्याचं लायसन्स घ्यावं लागतं, घरी बांधलेलीही सुटत नाही.

कयाकबद्दल, म्हणजे वरून झाकलेल्या होडीबद्दल, विचारणाऱ्यांना: एका मित्राची झालीये, मी चालवली. सुंदर आहे, वाऱ्यात कनूपेक्षा कितीतरी शांत. पण डेक (वरचं झाकण) आणि हल वेगवेगळे बांधून नंतर जोडायचे असतात, आणि तो जोड आतून टेप करताना लांब काठीला ब्रश बांधून, एका बाजूवर झोपून, कॉकपिटमधे (बसायच्या भोकात) डोकं घालून काम करावं लागतं. पहिलीच बोट असेल तर कनू करा.

माझे फॉर्म अजून गॅरेजच्या माळ्यावर आहेत, एका बोटीने त्यांचं काही बिघडत नाही, कोणी ट्विन सिटीजमधे (मिनीॲपोलिस-सेंट पॉलला) असेल तर खुशाल घेऊन जा, स्ट्राँगबॅकसकट. फक्त पिकअप ट्रक आणा, सोळा फुटी पेटी कॅमरीत बसत नाही.