रेशनकार्डाची ई-केवायसी आणि पात्रतेचा फॉर्म : कोल्हापुरातला अनुभव

मावशीच्या शिधापत्रिकेचे काम करून देण्याच्या निमित्ताने २०२५ च्या उन्हाळ्यात मी रेशन दुकान, मोबाइलचे ॲप, आधार केंद्र आणि पुरवठा खात्याची खिडकी अशा चार ठिकाणी फिरले. सरकारी सेवेचे परीक्षण लिहिण्याची आपल्याकडे फारशी पद्धत नाही. पण मिक्सर घेताना आपण चार जणांचे अनुभव वाचतो, तर महिन्याच्या धान्याचा प्रश्न असलेल्या कामाबद्दल कोणी चार शब्द लिहून ठेवायला हरकत नसावी.

जी गोष्ट आम्हांला शेवटपर्यंत कोणी नीट सांगितली नाही, ती आधी लिहिते. ई-केवायसी आणि पात्रतेची पडताळणी ही दोन निरनिराळी कामे आहेत. ई-केवायसीमध्ये कार्डावर नाव असलेला माणूस हयात आहे आणि आधारवरचा तो हाच, एवढेच ठरते. त्या माणसाला सवलतीचे धान्य मिळावे की नाही, हे ठरते दुसऱ्या कागदावर, म्हणजे रहिवासाचा पुरावा आणि उत्पन्नाचे हमीपत्र जोडून द्यायच्या फॉर्मवर. अंगठा उठला की काम झाले असे समजून घरी गेलेली निदान पाच-सहा माणसे मला एकट्या मावशीच्या गल्लीत भेटली.

मावशी सुतारवाड्यात राहते. पंचगंगेचे पाणी चढू लागले की शहरातल्या ज्या वस्त्यांत ते सर्वांत आधी शिरते त्यांपैकी ही एक, आणि दर पावसाळ्यात शहरातल्याच चित्रदुर्ग मठात बाडबिस्तरा हलवण्याची इथल्या लोकांना सवय झाली आहे. २०१९ च्या पुरात तिचे केशरी कार्ड भिजले. पाने एकमेकांना चिकटली, नावे फुटली, आणि आता त्या कार्डावर स्पष्ट वाचता येतो तो फक्त दुकानदाराने नंतर निळ्या पेनाने लिहून दिलेला बारा अंकी क्रमांक. सुदैवाने सगळा कारभार त्या क्रमांकावरच चालतो. ‘कंट्रोलचं कार्ड’ असा तिचा जुना शब्द आहे, आणि प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून ते ती देवाच्या फळीवर ठेवते.

कार्ड प्राधान्य कुटुंब गटातले आहे. राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा २०१३ चा. आपल्या राज्यात तो फेब्रुवारी २०१४ पासून लागू झाला. या गटाला माणशी महिना पाच किलो आणि अंत्योदय गटाला कुटुंबामागे पस्तीस किलो धान्य मिळते. आधी तांदूळ तीन रुपये आणि गहू दोन रुपये किलो असे. जानेवारी २०२३ पासून ते मोफत झाले. मावशी, मुलगा, सून आणि दोन नातू मिळून घरात पाच माणसे, म्हणजे महिन्याला पंचवीस किलो. त्यात तांदूळ किती आणि गहू किती हे त्या महिन्याच्या नियतनावर, म्हणजे मंजूर वाटपावर, अवलंबून असते. एक नाव बंद पडले की पाच किलो गेले, असा हा रोकडा हिशेब आहे, आणि लक्ष्मीपुरीतल्या बाजारभावाने पाच किलो तांदूळ घेताना मावशीच्या सुनेला काय विचार करावा लागतो ते मी पाहिलेले आहे.

पहिली फेरी रेशन दुकानात झाली. ई-केवायसी तिथल्या ई-पॉस मशीनवर मोफत होते, त्यासाठी आधार क्रमांक पुरतो आणि कागदाची झेरॉक्स लागत नाही. सुनेचे काम मिनिटभरात झाले. मावशीचा अंगठा मात्र उठेना. तिने चाळीस वर्षे राजारामपुरीतल्या घरांमध्ये धुणीभांडी केली. आधी राखेने आणि नंतर साबणाच्या पावडरीने घासून घासून बोटांवरच्या रेषा इतक्या पुसल्या आहेत की उजेडात धरले तरी बोटाचे टोक काचेसारखे गुळगुळीत दिसते. दुकानदाराने ओले फडके दिले, मग कोरडे दिले, दहाही बोटे लावून पाहिली. “आज्जी, दाबू नगासा, नुस्तं ठेवा,” असे तो प्रत्येक बोटाला तितक्याच शांतपणे सांगत होता, आणि मागच्या रांगेतून कोणीतरी “आटपा की ओ” म्हणाले तेव्हा त्याने मान वर करून एकदा पाहिले, एवढेच. दहाव्या बोटानंतर त्याने डोळा तपासायचे यंत्र जोडले. पण मावशीच्या एका डोळ्यात मोतीबिंदू आहे आणि दुसऱ्याचे ऑपरेशन झालेले आहे, त्यामुळे तेही जमले नाही. दुकानाला मी पाचपैकी साडेचार गुण देईन. अर्धा कापला तो फक्त दुकान उघडण्याच्या वेळेबद्दल, कारण पाटीवरची वेळ आणि शटरची वेळ यांचा एकमेकांशी फारसा परिचय नाही.

दुसरा मार्ग मोबाइलचा. ‘मेरा ई-केवायसी’ नावाचे ॲप आहे आणि त्याच्या जोडीला ‘आधार फेस आरडी’ हे दुसरे ॲप घ्यावे लागते. हे दुसरे ॲप उतरवून घेतल्यावर त्याचे चिन्ह पडद्यावर कुठेच दिसत नाही, त्यामुळे ते आलेच नाही असे समजून मी ते तीनदा शोधले. ते आतल्या आत चालते आणि तसेच चालायचे असते. पहिल्या ॲपमध्ये राज्य निवडायचे, मोबाइलचे लोकेशन चालू ठेवायचे, आधार क्रमांक घालायचा, आधारला जोडलेल्या नंबरवर आलेला ओटीपी टाकायचा आणि मग कॅमेऱ्यासमोर चेहरा धरायचा. मावशीला मी दाराच्या उंबऱ्यावर, उजेडाकडे तोंड करून बसवले, चष्मा काढायला लावला आणि पदर जरा मागे घ्यायला सांगितले. ॲप डोळे मिचकवायला सांगते. मावशीने देवळात मिटतात तसे डोळे मिटले आणि ते उघडलेच नाहीत. दोनदा वेळ संपली. तिसऱ्या खेपेला धाकट्या नातवाने समोर उभे राहून स्वतः डोळे मिचकावून दाखवले, तशी ती हसली, आणि त्या हसण्यातच वर्तुळ हिरवे झाले. पुन्हा आत जाऊन स्थिती पाहिली तर तिच्या नावापुढे ‘वाय’ हे अक्षर, म्हणजे काम झाल्याची खूण, आले होते. “एवढंच व्हय? मग मला त्या रांगेत कशाला उभी केलीस?” हा तिचा प्रश्न अगदी रास्त होता.

वय झालेल्या, अंथरुणाला खिळलेल्या आणि हातांच्या रेषा कष्टात झिजलेल्या माणसांसाठी हे ॲप खरोखर सोयीचे आहे. माझे गुण पाचपैकी चार. एक गुण ओटीपीपायी गेला. मावशीचा मुलगा चाकणला हंगामी कामाला गेला होता. त्याच्या आधारला जोडलेला नंबर केव्हाचाच बंद पडलेला, त्यामुळे ॲप त्याच्या काही कामाचे नव्हते. पण राज्यातल्या कोणत्याही रेशन दुकानात ई-केवायसी करता येते आणि तिथे अंगठ्याला ओटीपी लागत नाही. त्याने चाकणच्याच एका दुकानात जाऊन पाच मिनिटांत काम उरकले. एवढ्यासाठी रजा टाकून आणि एसटीचे भाडे भरून गावी आलेली माणसे मला माहीत आहेत.

खरा घोळ झाला तो सोळा वर्षांच्या थोरल्या नातवाचा. धडधाकट मुलगा, बोटे ताजी, तरी मशीन त्याला ओळखेना आणि कॅमेराही ओळखेना. दोन दुकानांत हेलपाटे घातल्यावर कारण कळले. त्याच्या आधारवरचे ठसे आणि फोटो तो पाच वर्षांचा असतानाचे होते. मुलांचे ठसे वयाच्या पाचव्या वर्षी आणि पुन्हा पंधराव्या वर्षी आधार केंद्रात नव्याने द्यावे लागतात. पंधरा ते सतरा या वयात ते मोफत होते. आमच्यापैकी कोणालाच याची गंधवार्ता नव्हती. आधार केंद्रात टोकन घेऊन एक अख्खी सकाळ गेली, नोंद अद्ययावत व्हायला काही आठवडे गेले, आणि त्यानंतर रेशन दुकानात त्याचा अंगठा पहिल्याच फटक्यात उठला. घरात दहावी-अकरावीचे मूल असेल तर रेशनच्या रांगेत उभे राहण्याआधी आधारचे हे काम करून घ्यावे. पाच वर्षांखालच्या मुलाला मात्र ई-केवायसीची सक्ती नाही.

याच धावपळीत आम्ही एका सुविधा केंद्रातही जाऊन आलो. तिथे माणशी दीडशे रुपये मागितले. फुकट होणाऱ्या कामाचे पाच माणसांचे साडेसातशे. फलकावर दर लावलेला नव्हता आणि पावती मागितल्यावर “सर्व्हर बंद आहे” असे उत्तर मिळाले. त्या केंद्राला गुण द्यायचा प्रश्नच येत नाही. तक्रारीसाठी १९६७ हा क्रमांक आहे. मावशीने तो कार्डाच्या पिशवीवर स्केच पेनाने लिहून घेतला.

आता दुसरा कागद. एप्रिल आणि मे या दोन महिन्यांत राज्यभर अपात्र शिधापत्रिका शोधण्याची मोहीम चालली. फॉर्म दुकानदाराकडे मोफत मिळतो. तो भरून, वर्षभराच्या आतला रहिवासाचा पुरावा जोडून त्याच्याकडेच द्यायचा आणि सही-तारखेची पोच घ्यायची. पुरावा नसेल तर पंधरा दिवसांची मुदत देतात आणि त्यानंतर कार्ड रद्द होऊ शकते. पोच घ्यायला अजिबात विसरू नये, कारण पुढे सगळी भिस्त त्या चिठोऱ्यावर असते.

मावशीचे घर भाड्याचे. वीजबिल घरमालकाच्या नावावर, भाडे रोख, पावती कधीच नाही. दुकानदाराने फॉर्म घेतला; छाननीत तो परत आला. पुरवठा खात्याच्या खिडकीवर पहिल्या दिवशी सांगितले की मालकाचे संमतिपत्र आणा. ते आणले, तर दुसऱ्या दिवशी वेगळ्या माणसाने मालकाच्या घरफाळ्याची पावती मागितली. घरमालक भला होता म्हणून ती मिळाली. कोणत्या कागदाला कोणता पर्याय चालतो याची छापील यादी खिडकीशेजारी लावली असती, तर आमच्या दोन आणि त्या रांगेतल्या प्रत्येकाच्या निदान एका फेरीची बचत झाली असती. पाचपैकी दोन गुण, आणि तेही तिसऱ्या दिवशी भेटलेल्या कारकून बाईंमुळे. त्यांनी फॉर्म उभ्या उभ्या तपासला, राहिलेली सही दाखवली आणि मावशीला बसायला स्वतःची खुर्ची दिली.

त्याच बाईंनी काकांच्या, म्हणजे मावशीच्या यजमानांच्या, नावाचाही उलगडा केला. काका जाऊन दीड वर्ष झाले तरी नाव कार्डावर होते, आणि काही महिने त्यांचेही पाच किलो येत राहिले. मावशीने आपणहून ते सांगितले. नाव कमी करायला महापालिकेचा मृत्यूदाखला लागतो, बाकी फार काही नाही. बाई म्हणाल्या की राज्याचा इष्टांक, म्हणजे किती माणसांना धान्य द्यायचे तो आकडा, ठरलेला आहे. त्यामुळे एक नाव कमी झाले की यादीत थांबलेल्या कोणाची तरी सोय होते. ‘कमी करणे’ हा शब्द मावशीला लागला. सही करताना तिचा हात थांबला, पण काकांचे पाच किलो कोणाला तरी मिळणार हे तिला पटलेले दिसले.

उत्पन्नाच्या रकान्याशी आम्ही बराच वेळ अडलो. कायदा लागू करताना राज्याने प्राधान्य गटासाठी शहरात वर्षाला ५९,००० रुपये आणि खेड्यात ४४,००० रुपये अशी मर्यादा ठरवली. ५९,००० म्हणजे महिन्याला पाच हजारसुद्धा नाहीत. सून दोन घरी स्वयंपाक करते, तिचे महिन्याला साडेतीन हजार. मुलाला वर्षातले चार महिने काम मिळाले, त्याचे बारा-बारा हजार. बेरीज नव्वद हजार होते. गल्लीतल्या एका जाणत्याने “पन्नास लिहा की, कोण बघतंय” असा सल्ला दिला. हमीपत्रावर सही मावशीची असणार होती आणि तिला तो सल्ला मान्य झाला नाही. आम्ही नव्वद लिहिले. दोन माणसे राबतात, भाड्याच्या खोलीत राहतात आणि दर पावसाळ्यात मठात जातात, ते घर या आकड्याने अपात्र ठरत असेल तर तो आकडा जुना झाला आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. सुतारवाड्यातून दसरा चौकात आले की शाहू महाराजांचा पुतळा दिसतो. १८९६-९७ च्या दुष्काळात त्यांनी संस्थानात स्वस्त धान्याची दुकाने उघडली होती. चौक ओलांडताना मावशीने सवयीप्रमाणे हात जोडले, आणि मला उगाचच वाटून गेले की त्या दुकानांवर आलेल्यांना कोणी घरफाळ्याची पावती मागितली नसेल.

हे लिहीपर्यंत फॉर्मचा निकाल कळलेला नाही. कार्डावरच्या पाचही नावांपुढे ‘वाय’ आहे. या महिन्याचे पंचवीस किलो मिळाले. मशीनच्या पावतीवरची शाई चार दिवसांत उडते म्हणून सुनेने तिचा मोबाइलवर फोटो काढून ठेवला आहे. फॉर्मची पोच निळ्या पेनाने लिहिलेल्या क्रमांकाशेजारी टाचणीने लावून कार्ड पुन्हा पिशवीत, पिशवी पुन्हा फळीवर गेली आहे, आणि पुढच्या आठवड्यात खिडकीवर चौकशीला कोण जाणार यावरून घरात बोलणे चालू आहे.