रापण की पर्ससीन?

मालवणच्या किनाऱ्यावर रापण लागते तेव्हा होडीतून अर्धवर्तुळात जाळं सोडतात आणि दोन्ही टोकांचे दोर माणसं वाळूवर उभी राहून ओढतात. मग वाटे पडतात: जाळ्याचा, होडीचा, ओढणाऱ्यांचा. येता-जाता हात लावणाऱ्यालाही कालवणापुरती मासळी मिळते. पर्ससीनची इंजिनवाली नौका बांगड्या-तारलीच्या थव्याला वेढा घालते आणि जाळ्याचा तळ आवळते. नौका, जाळं, डिझेल सगळं मालकाचं. रत्नागिरीकडे खलाशी अनेकदा नेपाळहून आलेले असतात.

एका फेरीच्या कमाईत पर्ससीन सरस, यात वाद नाही. रापणीला मासळी किनाऱ्याजवळ येण्याची वाट बघावी लागते. पण ‘परवडतं का?’ हा एकच प्रश्न आपण विचारायला लागलो, आणि भांडवलशाहीचा खरा जोर मला तिथे दिसतो. घराघरांत तिचीच मापं चालतात. पोरगा रापणीचा दोर धरतो तो मागे राहिलेला, कर्ज काढून बोट घेतो तो कर्तबगार. (मुलीची सोयरीक ठरवतानाही हेच बघतात.)

राज्याने ५ फेब्रुवारी २०१६ च्या आदेशाने पर्ससीनवर निर्बंध घातले, २०१७ मध्ये केंद्राने एलईडी दिव्यांच्या उजेडात मासे गोळा करून पकडण्यावर बंदी आणली. तरी रापणकर आणि पर्ससीनवाल्यांचे तंटे सुरूच आहेत, कारण कर्जाचा हप्ता फेडायचा तर बोटीला जास्त मासळी आणावीच लागते.

मी रापणीच्या बाजूने आहे. किनाऱ्यालगतचं पाणी तिला राखून द्यावं, आणि सरकारी पैसा बर्फ, साठवण आणि मासे विकणाऱ्या बायकांच्या बाजारासाठी वापरावा.